पालथ्या कुंड्या

पिटुनियाचं बी कधी बघितलंय का तुम्ही? नसेल तर सांगते, ते दिसतच नाही. आमच्या ह्यांनी कागदाची पुडी उघडून सासूबाईंच्या तळहातावर बी ठेवलं, तर त्यांनी हात नाकापाशी नेला आणि म्हणाल्या, "बी कसलं रं हे? तपकीर हाय ही." आणि नेमकी तेव्हाच त्यांना शिंक आली. अर्धी बाग तिथंच उडाली.

ही गोष्ट परभणीची. बहात्तरचा दुष्काळ मागं पडला होता, पण बायका अजून डोक्यावरची घागर बाळ उतरवावं तशी जपून उतरवायच्या, त्या दिवसांतली. माझं लग्न नुकतंच झालेलं. हे शेतकी कॉलेजात कारकून होते आणि बी त्यांना तिथल्या बागेतल्या माळ्यानं दिलं होतं. दोन खोल्या, वर पत्रे, पुढं अंगण, एवढं आमचं घर. दारात तुळस नव्हती. घरातले देव छप्पन सालीच सासूबाईंनी स्वतः टोपल्यात घालून नदीला सोडले होते, आणि तेव्हापासून अंगण मोकळंच होतं. पौर्णिमेला बुद्धाच्या मूर्तीपुढं ठेवायला फुलं लागत, ती बाजारातून यायची.

पण सासूबाईंच्या डोक्यात भलतंच होतं. ह्यांचा डबा विसरला की त्या तो घेऊन कॉलेजात जायच्या, आणि तिथं मोठ्या साहेबांच्या बंगल्यापुढं गेरूनं रंगवलेल्या, काठाला पांढरा पट्टा दिलेल्या कुंड्यांची रांग बघत उभ्या राहायच्या. एकदा शिपायानं हटकलं तर त्याला म्हणाल्या, "बगायलेय नुसतं, खायलेय का?" घरी येऊन जाहीर करून टाकलं, "सायबाच्या दारात हायत तशी फुलं आपल्या दारात पायजेत." आणि पुढच्याच बाजाराला कुंभाराकडून कुंड्या आणल्या. आणल्या म्हणजे काय, एक डोक्यावर, एक काखेत आणि बाकीच्या माझ्या डोक्यावर. मी नवी नवरी. अख्खी वस्ती बघत होती.

सासूबाईंबद्दल आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं घोटाळा नको. बाई बोलायची फार, पण कामाचं सोडून. भाजीवाल्याशी, कावळ्याशी, चुलीतल्या ओल्या लाकडाशी तासन्‌तास बोलतील. आपल्याला जे विचारायचंय ते विचारलं की मात्र तोंडात मूग. मी उलट. माझ्या मनात आलं की ते ओठावर आलंच. माझी आई म्हणायची, हिच्या पोटात तीळ भिजत नाही. अशा दोघी एका अंगणात.

आश्विनात बी टाकायचं ठरलं. सासूबाईंनी एक जुनं घमेलं काढलं, दुष्काळात खडी फोडायला जायच्या तेव्हाचं. बुडाला गंज खाऊन आपोआप भोकं पडली होती. त्यात भरायला माती आणली ती थेट पेडगावहून, त्यांच्या माहेरच्या रानातली. काळीभोर. एश्टीच्या टपावरून पोतं आलं. मूठभर माती माझ्या नाकापुढं धरून म्हणाल्या, "हिच्यात धोंडा पेरला तरी कणीस यील."

आता आपल्या भागात काळ्या मातीला नाव ठेवणं म्हणजे एखाद्याच्या आईला नाव ठेवणं. मी निमूट घमेलं भरलं. बी टाकलं, वरून फडक्यानं पाणी शिंपडलं, आणि काही दिवसांत हिरवी बुरशी धरल्यासारखं काहीतरी दिसायला लागलं. सासूबाई हरखल्या. मग ऊन पडलं. काळी माती ती, तिनं आपला गुण दाखवला. रानात भेगा पडतात तशा घमेल्यात भेगा पडल्या, आणि दोऱ्यासारखी रोपं त्या भेगांत मधोमध तुटली. पाणी घालावं तर चिखल, न घालावं तर वीट.

"आत्याबाई, वाळू घालायला पाहिजे होती," मी म्हणाले.

"वाळू? वाळू गरिबाच्या रानात असती. आमच्या रानात वाळू न्हाई."

"रानात नसू द्या. घमेल्यात तर घाला."

दिवसभर त्या माझ्याऐवजी चुलीशी बोलल्या. संध्याकाळी मात्र पदराखाली झाकून टोपलंभर वाळू घेऊन आल्या. कोपऱ्यावर कुणाचं तरी बांधकाम चाललं होतं. मी विचारलं, "विचारून आणली का?" तर म्हणाल्या, "वाऱ्यानं उडूनच जायलती." मग थोडी वाळू, थोडी माती, शेळ्यांच्या लेंड्यांचं जुनं खत चाळून, असं सगळं कालवलं आणि शिंकेतून वाचलेल्यातलं उरलेलं बी टाकलं. ह्या खेपेला उगवलं ते टिकलं. मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी सांगून टाकलं, "तुझ्या वाळूनं न्हाई, माझ्या मातीनं उगवलंय."

त्याच सुमाराला माझी मुलाखत झाली. मी लग्नाआधीच डी.एड. केलं होतं. माझं माहेर झरीचं, जिंतूरच्या वाटेवरचं. वडिलांनी दुसऱ्याच्या आखाड्यावर, म्हणजे रानातल्या गोठ्यावर, राहून मला शिकवलं, आणि लग्न ठरवताना एकच अट घातली होती की पोरगी नोकरी करील. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. पण लग्नाआधी मान डोलवायला काय जातं? मुलाखतीला ह्यांनी सायकलवर सोडलं, आणि परत आल्यावर मी सासूबाईंना म्हणाले, "चांगली झाली. पण जागा परभणीत नाहीत. बाहेर, जिंतूरकडं मिळेल म्हणतात."

त्या तेव्हा रोपांपाशी उकिडव्या बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बगू की."

बघू की! काय बघू? जिंतूर म्हणजे रोज जाऊन-येऊन करण्यासारखं नव्हतं. तिथं खोली करायची, आठवडाभर एकटीनं राहायचं आणि शनिवारी यायचं. नव्या नवरीनं. मला ठाऊक होतं, सासूबाई हो म्हणाल्या तर हे हो म्हणणार आणि त्या नाही म्हणाल्या तर हे सायकलला हवा भरायला जाणार. म्हणजे माझी नोकरी त्या बाईच्या एका शब्दावर टांगलेली, आणि तो शब्द काही ती तोंडातून काढीना.

रोपांना चार पानं फुटली तेव्हा ती घमेल्यातून काढायची वेळ झाली. मी उत्साहानं कुंड्या पुढं ओढल्या. सासूबाईंनी माझ्या हातावर चापट मारली.

"नाकापेक्षा मोती जड व्हईल. एवढ्याशा मुळीला एवढं घर? वली माती बगून सडून जाईल बिचारी. आधी ल्हान घर. मुळीला घराची भीत लागू दे. भितीला टेकली की मंग मोठं घर."

हे काही त्यांचं ज्ञान नव्हतं. कॉलेजातल्या माळ्यानं सांगितलं होतं, मी आदल्या दिवशी ह्यांच्या तोंडून शब्दन्‌शब्द ऐकलं होतं. पण सांगायचा थाट असा की जणू पिटुनिया पेडगावातच जन्मली. असो. लहान घर म्हणून आमच्या लग्नाच्या पंगतीतले उरलेले पळसाचे द्रोण निघाले. बुडाला काडीनं टोचून त्यात माती भरली. झाडूच्या काडीनं एकेक रोप उकरायचं, पानाला धरून उचलायचं, देठाला हात लावायचा नाही, आणि द्रोणात बसवून बोटानं हलकं दाबायचं. ते काम मला फार आवडलं, खोटं कशाला सांगू. दोघी समोरासमोर बसायचो, मध्ये घमेलं. त्या रोपांशी बोलायच्या, मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडायचे.

द्रोण भिजून मऊ पडेपर्यंत मुळं त्यातून बाहेर डोकवायला लागली. मग चहापत्तीचे, बिस्किटांचे, असले छोटे डबे जमवले. ह्यांनी खिळ्यानं भोकं पाडली, आणि रोपं द्रोणासकट डब्यात बसवली. पान आपोआप कुजतं, मुळांना धक्का लागत नाही. हा शोध मात्र आमच्या दोघींचा, माळ्याचा नाही. तिकडं सासूबाईंनी कुंड्यांना गेरू लावायला घेतला. एक हात लावला, वाळवला, दुसरा लावला. काठाला चुन्याचा पट्टा ओढताना त्यांची जीभ दातांत धरलेली असायची. पट्टा वाकडा आला की स्वतःलाच शिव्या घालायच्या. कुंड्या तयार झाल्या तशा त्या दाराच्या दोन्ही बाजूंना मांडून, रस्त्यापलीकडं जाऊन सासूबाई बघून आल्या. रिकाम्याच कुंड्या, पण बाईच्या चेहऱ्यावर काय तो रुबाब!

छोट्या डब्यांतून मुळं निघाली आणि कुंड्यांचा दिवस आला. रविवार होता. सासूबाईंनी पहिल्या कुंडीच्या भोकावर खापरी ठेवली, माती भरली, मधोमध खळगा केला. मी डबा थोपटून रोप मोकळं केलं आणि हातात धरून उभी राहिले. एवढ्यात हे सायकलवरून आले. कुणीतरी ओळखीच्यानं रस्त्यात सांगितलं होतं.

"हिची निवड झाली म्हणतात. जिंतूरला देतील. आर्डर यायचीच बाकी."

मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. मी सासूबाईंकडं बघितलं. त्यांचे हात मातीत होते, ते तसेच थांबले. मग त्यांनी काय करावं? खळग्यातली माती ओंजळीनं बाहेर काढली, उरलेली कुंडी वाकडी करून ओतली, खापरी झटकली, आणि ती कुंडी उचलून भिंतीकडेला नेऊन पालथी घातली. मग दुसरी. मग सगळ्या. रांगेनं.

"आज नगं," एवढंच बोलल्या, आणि हात धुवायला गेल्या.

मी रोप हातात घेऊन तशीच उभी. राग आला, आणि रडूही. एवढी चांगली बातमी, आणि ह्या बाईनं बोलायचं सोडून कुंड्या पालथ्या घातल्या. ह्याचा अर्थ काय घ्यायचा माणसानं? मी घेतला तो कुणीही घेतला असता.

दुसऱ्या दिवशी त्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेल्या, आणि मागोमाग मी मीठ आणायच्या निमित्तानं. ते दुकान लिंगायत वाण्यांचं. काकू गल्ल्यावर बसायच्या, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, आणि साऱ्या गल्लीच्या खबरा त्यांच्याकडं. मी दाराबाहेर असतानाच आतून ऐकू आलं.

"सून जिंतूरला जायलीय म्हनं? एकलीच? तुमी पाठवनार?"

"तिच्या जायचं मला काय इचारता? तुपाचे डबे देता का न्हाई ते सांगा."

झालं. मी मीठ न घेताच परत आले. दुपारी सासूबाई वनस्पती तुपाचे रिकामे डबे घेऊन आल्या, चांगले मोठे, गोल. राखेनं घासले, भोकं पाडली. एवढ्यावर थांबल्या नाहीत. प्रत्येकाला वरच्या काठाशी दोन बाजूंनी छिद्र पाडून जाड तारेची कडी बसवली, बादलीला असते तशी. सगळी रोपं त्या डब्यांत गेली.

"आणि कुंड्या?" मी विचारलं.

"हात लावू नगं कुंड्यास्नी."

"मग आणल्या कशाला होत्या? पूजा करायला?"

"डब्यात काय वाईट हाय? कडी हाय, उचलायला बरं पडतंय."

तेही खरंच होतं. थंडीचे दिवस, आपल्याकडची थंडी काही साधी नसते. संध्याकाळी डबे उचलून पडवीत आणायचे, सकाळी उन्हाला न्यायचे, ते कडीमुळं सोपं व्हायचं. पण माझा राग डब्यांवर नव्हताच. दारात गेरूच्या, चुन्याचे पट्टे ओढलेल्या कुंड्या पालथ्या पडलेल्या, आणि रोपं तुपाच्या डब्यांत. येता-जाता मला त्या कुंड्या दिसायच्या आणि वाटायचं, हे माझ्यासाठीच आहे. तू जा म्हणतेस ना, मग ह्या घराची शोभा अशीच पालथी राहणार. असं मला सांगायलीय ही बाई.

ह्यांना म्हणाले, "एकदा स्पष्ट विचारा आईला." तर हे म्हणाले, "विचारतो की." आणि अळीमिळी गुपचिळी. झरीला जाऊन आईपाशी रडले. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "कुटंबी जा बाय, पळसाला पानं तीनच. माझी सासू तर डब्याला कडीबी लावत नव्हती." आईचं बोलणं असंच, हसावं की रडावं कळायचं नाही.

रोपं मात्र फोफावली. मोठ्या डब्यात मुळांना जागा मिळाली, दुपारचं ऊन मिळालं, आणि शेंडे खुडल्यामुळं बाजूनं फांद्या फुटल्या. शेंडे खुडायला सासूबाई तयार नव्हत्या. "वाडत्या लेकराची मान मोडायलीस," म्हणाल्या. मी खुडले ते डबे भरगच्च झाले आणि त्यांनी चोरून खुडले ते त्याहून भरगच्च. मग एक दिवस सकाळी पहिलं फूल उमललं. जांभळं, लांब नळीचं. सासूबाईंनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं माय, हा तर भोंगा हाय!" त्या दिवसापासून पिटुनियाचं नाव आमच्या घरात भोंगा. आजही माझ्या घरात कुणी पिटुनिया म्हणत नाही.

ऑर्डर आली तेव्हा सासूबाई पेडगावला गेल्या होत्या, भावाच्या रानात कापूस वेचायला. जिंतूरची शाळा. आठवडा संपायच्या आत हजर व्हायचं. ह्यांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "आई येऊ दे."

मग मात्र माझा तोल गेला. "आई येऊ दे! मुलाखत आईनं दिली का? डी.एड. आईनं केलं का? माझ्या बापानं दुसऱ्याची गुरं वळून मला शिकवलं ते तुमच्या अंगणातले डबे आत-बाहेर करायला?" हे बिचारे खिडकीबाहेर बघत राहिले. मी ट्रंक ओढली आणि साड्या भरायला लागले. जायचंच ठरवलं होतं, कुणी हो म्हणो की नाही. पण खरं सांगू? भरलेली साडी मी पुन्हा बाहेर काढत होते. भांडून निघालेल्या सुनेला परत यायला दार कुठलं? नोकरी तर मला हवीच होती. पण हे घरही हवं होतं, ती तिरसट बाईसुद्धा हवी होती. तिच्याबरोबर मातीत हात घालून बसायची सवय लागली होती मला.

शेवटी भरलेली ट्रंक बघून हे कॉलेजातून रजा घेऊन आले. जिंतूरला त्यांच्या एका मित्रानं खोली बघून ठेवली होती, मला पोचवायला ते येणार होते. जायच्या आदल्या संध्याकाळी सासूबाई पेडगावहून परतल्या. दारातून आत आल्या, ट्रंक बघितली, ऑर्डर आल्याचं ह्यांच्याकडून ऐकलं. त्या ट्रंकेला वळसा घालून अंगणात गेल्या आणि तिथून विचारलं, "डब्यांस्नी पानी घातलं का?"

"नाही अजून."

"घालू नगं आज."

बस. एवढंच. मी जेवले नाही आणि कुणी आग्रहही केला नाही.

सकाळी उठून बाहेर आले तर सासूबाई अंगणात डब्यांच्या मधोमध बसलेल्या. शेजारी बाजेची जुनी सुतळी आणि कडब्याचा पेंढा. त्या दोन-दोन डबे एकमेकांना बांधत होत्या, मध्ये पेंढा कोंबून. मला कळेना. मला कळून घ्यायचंही नव्हतं. एवढे दिवस पोटात साठलेलं सगळं वर आलं.

"आत्याबाई, एकदा तोंडानं सांगा. मी जाऊ का नको?"

त्यांनी मान वर केली. आणि खरंच सांगते, त्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं. जणू मी विचारलं, सूर्य कुठून उगवतो.

"मंग हे डबे कामून भरले म्या?"

"डब्यांचा काय संबंध?"

"अगं बाय, कुंड्या एश्टीत टिकत्यात का? भिजली माती जड व्हती म्हून पानी घालू नगं म्हनले. कडी हाय, धरून बसायला येतंय." आणि सुतळीची गाठ दातानं ओढत म्हणाल्या, "जिंतूरचा रोड मला सांगू नगं तू. त्या रोडची खडी म्याच फोडलीय. लय धक्के हायत तिथं. कुंडी झरीबी गाठनार न्हाई."

म्हणजे त्या रविवारी, कुंडीत केलेला खळगा, ओंजळीनं काढलेली माती... ही बाई त्याच क्षणी ठरवून मोकळी झाली होती. साहेबाच्या दारातल्यासारखी फुलं हवी होती तिला, किती दिवस त्यासाठी गेरू कालवला, पट्टे ओढले, आणि ह्यांनी सायकलवरून उतरता-उतरता एक वाक्य बोलल्याबरोबर तिनं ती फुलं माझ्या नावानं केली. आणि मला सांगितलं काय? आज नगं!

मला इतका राग आला की मी रडायलाच लागले. आजसुद्धा आठवलं की येतो. तोंडानं सांगायला काय झालं होतं हो? मी म्हटलंही, "मला सांगायचं नाही का?"

"त्यात सांगायचं काय? पोरगी शिकल्याली हाय, नोकरीला जाईलच की. म्या काय शिकल्याल्या पोरीला डबे उचलायला आनलंय?" आणि मग जरा वैतागून, "रडू नगं आता खामखा. एश्टी निगून जाईल. हे उचल."

स्टँडवर ते एक दृश्यच झालं. ह्यांच्या डोक्यावर ट्रंक, माझ्या दोन्ही हातांत डबे, सासूबाईंच्या दोन्ही हातांत डबे, आणि सगळ्यांतून जांभळे-पांढरे भोंगे लटकलेले. कंडक्टर दारातच आडवा आला. "ह्याला लगेज लागंल."

"झाडाला तिकीट?" सासूबाई कडाडल्या. "बरं, घे तिकीट. मंग शिटावर बसव त्यास्नी. आन् म्हातारं मानूस चढलं की ऊठ म्हन."

लोक हसायला लागले. कंडक्टरही हसला, पण कायदा तो कायदा, लगेज घ्यावंच लागेल म्हणाला. त्या गडबडीत आम्ही चढलो, डबे मांडीवर, पायांत, ह्यांच्या कुशीत असे लागले. बेल वाजली. सासूबाई खिडकीखाली उभ्या होत्या, पदराला मातीचे हात पुसत. काहीतरी बोलावं म्हणून मी वाकले. आणि तोंडातून निघालं ते हे,

"आत्याबाई, आणि कुंड्या?"

"हायत की." गाडी हलली तशा त्या दोन पावलं बरोबर चालल्या. "पालथ्या घातल्यात, पानी साचत न्हाई, गेरू ऱ्हातो. बदली करून घरी आलीस की भरू."

गाडी स्टँडबाहेर पडली. रस्ता खरंच वाईट होता. प्रत्येक धक्क्याला डबे एकमेकांवर आदळायचे, पेंढा गळायचा, आणि एकही फूल तुटलं नाही. झरी येईपर्यंत मी हमसून हमसून रडत होते. हे दोन डबे पोटाशी धरून खिडकीबाहेर बघत होते. आणि तो कंडक्टर बिचारा पुन्हा पुन्हा माझ्यापाशी येऊन म्हणत होता, "बाई, नका हो रडू. न्हाई घेत मी झाडांचं तिकीट."